कर्नलचें ठिगळ

हिमायतनगरच्या बाजारांत मिळणाऱ्या कोणत्याही अँड्रॉइड फोनच्या मुळाशीं लिनक्स कर्नल असतो. यंत्राचे भाग व त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्यें बसून स्मृति, वेळ व अधिकार यांची वांटणी करणारा हा कारभारी होय. लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं तो प्रसिद्ध केला.

मूळ कर्नल सर्व यंत्रांसाठीं असतो. म्हणून कारखानदार त्यांतील अनावश्यक भाग गाळतो आणि आपल्या यंत्राचा पडदा व कॅमेरा चालविणारे तुकडे जोडतो. पुढें मूळ कर्नलमध्यें दोष सांपडला, कीं दुरुस्तीचें ठिगळ निघतें. कोणत्या ओळी काढाव्या व कोणत्या घालाव्या, हें त्यांत लिहिलेलें असतें. भोंवतालच्या ओळी जुळल्या तर तें सहज बसतें. कापडच बदललेलें असेल, तर हातानें बेतून शिवावें लागतें.

खरी मेख येथेंच आहे. साध्या कार्यक्रमास सर्वाधिकार बळकावूं देणारा ‘डर्टी काऊ’ हा दोष २००७ पासून कर्नलमध्यें दडलेला होता. ऑक्टोबर २०१६ मध्यें तो दुरुस्त झाला. ठिगळ सर्वांस खुलें होतें. परंतु ज्या दोषयुक्त फोनांस तें लाभलें नाहीं, त्यांचें दार उघडेंच राहिलें. यास्तव फोन घेतांना किंमतीबरोबर ‘दुरुस्ती किती वर्षें मिळेल?’ हेंही विचारणें शहाणपणाचें.