बॅटरी सोडविण्याची सुरक्षित रीत

ट्रॅक्टर किंवा भाजीपाल्याचा टेम्पो दुरुस्तीस घेतला की प्रथम बॅटरी सोडवावी लागते. हे काम किरकोळ समजले जाते; परंतु दोन तारांपैकी कोणती आधी सोडावी, यास निश्चित कारण आहे. क्रम चुकल्यास हात भाजतो, प्रसंगी बॅटरी फुटून डोळाही जातो.

वाहनाच्या सामान्य १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे २ व्होल्टचे ६ घट असतात. त्यांत शिशाचे पत्रे व पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. कोरड्या हातास एवढ्या विजेचा धक्का जाणवत नाही, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. मात्र दोन्ही ध्रुव पान्याने जोडले गेल्यास शेकडो अँपियर प्रवाह वाहून पाना क्षणात तापतो. शिवाय बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले की लहानशी ठिणगीही स्फोटास पुरते.

आजच्या बहुतेक वाहनांत ऋण ध्रुव सांगाड्यास जोडलेला असतो. अशा वेळी धन तार आधी सोडू लागल्यास पान्याचे दुसरे टोक लोखंडास लागताच ठिणगी उडते. ऋण तार आधी सुटली की हा धोका उरत नाही. काही जुन्या ट्रॅक्टरांत धन ध्रुव सांगाड्यास जोडलेला असतो. तेथे धन तार आधी सोडावी. थोडक्यात, सांगाड्याची तार सोडताना पहिली आणि जोडताना शेवटची.

कामाची रीत अशी :

१. इंजिन बंद करून चावी काढावी. दिवे बंद करावेत व काही मिनिटे थांबावे. विडी, काडी दूर ठेवावी.

२. अंगठी, कडे, घड्याळ काढावे. चष्मा व रबरी हातमोजे घालावेत.

३. ध्रुवांवरील + व – ही चिन्हे पाहून सांगाड्याची तार ओळखावी. ती सोडून बाजूस बांधावी. मग दुसरी सोडावी.

४. बॅटरी आडवी न करता उचलावी.

मीरा-भाईंदरमधील खाडीकाठच्या भागांत हवा खारी व दमट असते. तेथे नट लवकर गंजतात आणि जोर लावताना पाना निसटतो. म्हणून झाकणे घट्ट असल्याची खात्री करून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ध्रुवांवरील पांढरा थर आधी धुवावा. सोडा घटात जाऊ देऊ नये. तारा पुन्हा जोडल्यावर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा.

आम्ल डोळ्यात उडाल्यास निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा व तत्काळ दवाखाना गाठावा. दुरुस्तीपूर्वी पाण्याची बादली जवळ ठेवणे, ही सवय ग्रामकार्यकर्त्यांनी गावोगाव लावावी.