केळीच्या भाजलेल्या वड्या : घरच्या बागेला घरची साखर



आपल्या खान्देशात असे कितीतरी सभासद आहेत की ज्यांच्या विहिरीच्या एका अंगाला ऊस उभा असतो आणि दुसऱ्या अंगाला केळी. दोन्ही पिके पाणी पितात, दोन्हींना खत लागते आणि दोन्हींत शेवटी साखरच तयार होते. पण दोघांचा स्वभाव मात्र अगदी उलटा. ऊस तोडला की त्यातली साखर कमी व्हायला लागते. म्हणून तर तोडीनंतर ट्रक-ट्रॅक्टर गव्हाणीवर लवकर पोहोचावा असा आग्रह असतो. ऊस वाळला की वजन घटते आणि उताराही घटतो. केळीचे तसे नाही. घड उतरवला की खरी साखर त्यानंतर चढते. कच्च्या केळीच्या गरात पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक निव्वळ पिष्ट असते. पिकताना त्याचीच साखर होते आणि पूर्ण पिकलेल्या केळीत पिष्ट जेमतेम शेकडा १-२ उरते. सालीवर काळे ठिपके पडले म्हणजे केळी बिघडली असे गिऱ्हाईक समजते. प्रत्यक्षात तीच केळी सर्वात गोड असते.

आमच्या या लेखाचा सगळा मुद्दा त्या ठिपक्यांचाच आहे.

वापसीचे काय करायचे?

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या भागांतल्या बागायतदारांना वापसी हा शब्द समजावून सांगायला नको. नवतीचा माल चांगल्या भावाने जातो, पिलबागेचा त्याखालोखाल, आणि आखूड, डागी, जादा पिकलेला माल वापसीत पडतो. एप्रिल-मे मध्ये पारा चढला, गरम वारे सुटले की बागेतच घड पिकू लागतात. व्यापारी ते उचलत नाही. मग दोन फण्या घरात येतात, चार शेजारी जातात आणि बाकीच्या गुरांपुढे नाहीतर बांधावर. २०२० च्या टाळेबंदीत वाहतूक अडली तेव्हा चांगल्या मालाचीही काय अवस्था झाली ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

केळीवर प्रक्रिया करावी हा विचार जुनाच आहे. जळगावला केळीची भुकटी करण्याचा एक कारखाना होता. तो चालला नाही. १९७८ साली भवरलाल जैन यांनी तो आजारी कारखाना ३० लाख रुपयांना घेतला आणि तिथे केळीऐवजी पपईच्या चिकापासून पेपेन काढायला सुरुवात केली. पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. तात्पर्य इतकेच, की मोठ्या प्रमाणावर केळी टिकवणे हे बोलण्याइतके सोपे काम नाही. पण म्हणून घरच्या प्रमाणावरही काही होत नाही असे नाही. अलीकडच्या वर्षांत यावलच्या एका शेतकरी दांपत्याने केळीची बिस्किटे तयार करून त्याचे पेटंटसुद्धा मिळवले. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत जळगाव जिल्ह्यासाठी केळी हेच पीक निवडले गेले. मान मोठा मिळाला, पण बांधावर पडलेल्या फणीला त्याचा काय उपयोग, असे घरची लक्ष्मी विचारील, आणि तिचे विचारणे रास्त आहे.

म्हणून या अंकात आम्ही एक पदार्थ देत आहोत. खाली खुसखुशीत थर, मध्ये शिजवलेल्या केळीचे भरण, वर पुन्हा तोच थर, आणि सगळे भाजून कापलेल्या वड्या. परदेशात अशा वड्या सफरचंद, खजूर, जर्दाळू घालून घरोघरी करतात. आपल्याकडे सफरचंद विकत आणावे लागते; केळी परसात आहे.

भाजणे आपल्याला नवे नाही

ओव्हन म्हटले की पुष्कळ भगिनी लांबूनच नमस्कार करतात. पण विचार करा. कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजणारे आपण. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजणारे आपण. जिला हातावर पुरणाचा मांडा फिरवून खापरावर टाकता येतो, तिला वडी भाजण्याची भीती कसली? शिवाय दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत पीठ, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत नेऊन घरची बिस्किटे आणि नानखटाई भाजून आणण्याची पद्धत आपल्या गावागावांत आहेच. नानखटाईचे माहेर सुरत समजतात, आणि सुरत तर आपल्याला तापीच्या काठाने जोडलेली. या वडीचा थर म्हणजे दुसरे-तिसरे काही नसून नानखटाईचीच थोरली बहीण आहे.

साहित्य

(वाटी म्हणजे २०० मिलिलिटरची नेहमीची वाटी.)

थरासाठी : कणीक २ वाट्या (हवे तर निम्मी कणीक, निम्मा मैदा), बारीक रवा अर्धी वाटी, साजूक तूप पाऊण वाटी, पिठीसाखर अर्धी वाटी, बेकिंग पावडर अर्धा चमचा, चिमूटभर मीठ, लागेल तसे १-२ चमचे दूध.

भरणासाठी : ठिपके पडलेली मध्यम केळी ६, साखर पाऊण वाटी, एका लिंबाचा रस, वेलदोड्याची पूड, किंचित जायफळ, तूप १ चमचा.

कृती

आधी भरण करावे, कारण ते पूर्ण गार व्हावे लागते. केळी सोलून लगेच लिंबाचा रस घालून कुस्करावी. उशीर केला तर गर काळा पडतो. लोखंडी कढई घेऊ नये, त्यात रंग आणखी बिघडतो. स्टीलचे जाड बुडाचे किंवा कल्हईचे पातेले घ्यावे. चमचाभर तुपावर गर घालून मंद आचेवर परतावा. पाच-सात मिनिटांनी साखर घालावी. साखर घातल्यावर मिश्रण पातळ होईल, घाबरू नये. ढवळत राहिले म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांत गोळा कडा सोडू लागतो आणि रंग सोनेरी तांबूस होतो. उलथन्याने मध्ये रेघ ओढली असता ती चटकन भरून आली नाही की झाले. शिजताना हे मिश्रण फुटाण्यासारखे उडते, तेव्हा लेकरांना चुलीपासून लांब ठेवावे. उतरवून वेलदोडा, जायफळ घालावे.

आता थर. तूप आणि पिठीसाखर हाताने फेसून हलके करावे. त्यात कणीक, रवा, बेकिंग पावडर, मीठ मिसळून चोळावे. पोळीच्या कणकेसारखे मळायचे नाही बरं का! मुठीत दाबले तर लाडू व्हावा आणि बोटाने ढकलले तर मोडावा, इतपतच. फार कोरडे वाटले तर दूध शिंपडावे. रवा मुरण्यासाठी वीस मिनिटे झाकून ठेवावे.

आठ-नऊ इंची, उभ्या काठाच्या थाळीला तुपाचा हात लावून निम्म्याहून थोडे जास्त पीठ तळाशी घट्ट दाबून बसवावे. त्यावर गार भरण सारखे पसरावे. उरलेले पीठ वरून भुरभुरावे आणि तळहाताने अलगद दाबावे. भरण गरम असताना हे करू नये. तूप वितळून खालचा थर चिकट होतो.

भाजण्याच्या तीन रीती

पहिली, ओव्हनची. ओव्हन १८० अंशांवर आधी दहा मिनिटे तापवून मग थाळी ठेवावी. ३० ते ३५ मिनिटांत वरचा थर बदामी होतो.

दुसरी, वाळूची. जुन्या जाड पातेल्यात दोन वाट्या चाळलेली वाळू किंवा जाडे मीठ पसरावे, त्यावर तिवई ठेवून झाकण घालून दहा मिनिटे तापवावे. मग तिवईवर थाळी ठेवून मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटे ठेवावे. कुकर वापरला तर त्यात पाणी घालायचे नाही, आणि शिट्टी व रबरी रिंग दोन्ही काढून ठेवायची, हे विसरू नये. चूल असेल तर खाली मंद विस्तव आणि झाकणावर थोडे निखारे ठेवले की वरूनही रंग चांगला येतो.

तिसरी, बेकरीची भट्टी. पाव निघाल्यावर भट्टीचा ताव जरा उतरतो, त्या वेळी थाळ्या लावायला सांगावे. चार घरच्या बायकांनी मिळून एकाच दिवशी थाळ्या नेल्या तर हेलपाटाही वाचतो.

थाळी बाहेर काढल्यावर गरम असतानाच सुरीने रेघा माराव्यात, पण वड्या काढाव्यात पूर्ण गार झाल्यावर. गरम वडी मोडते. एवढ्या साहित्यात साधारण वीस वड्या होतात.

साखर किती आणि का?

केळी मुळातच गोड, मग वर साखर कशाला, असे कोणीही विचारील. साखर इथे नुसत्या गोडीसाठी नाही. ती गरातले पाणी धरून ठेवते. पाणी मोकळे राहिले की बुरशीला रान मिळते. मुरांबा वर्षभर टिकतो तो याच कारणाने. केळीत दुसरी उणीव आंबटपणाची. म्हणून लिंबू वगळू नये. त्याने रंग राहतो, चव उठते आणि टिकायलाही मदत होते.

तरीही हे ध्यानात ठेवावे की आपल्या प्रमाणात साखर मुरांब्याइतकी नाही. नानखटाई डब्यात पंधरा दिवस राहते तशी ही वडी राहणार नाही. थंडीत तीन-चार दिवस, उन्हाळ्यात फार तर दोन, फ्रिजमध्ये आठवडाभर. वास बदलला तर टाकून द्यावी, मन लावून घेऊ नये. आणि घरात कोणाला मधुमेह असेल तर केळी आणि साखर दोन्ही एका वडीत आहेत, याचा विचार त्यांनीच नव्हे तर वाढणाऱ्यानेही करावा.

साखरेऐवजी गूळ घातला तर चव खमंग येते, रंग मात्र गडद होतो. गुळात पाण्याचा अंश जास्त, म्हणून भरण पाच-सात मिनिटे अधिक आटवावे.

केळी नसेल तेव्हा

धुळे जिल्ह्यात शिरपूरकडे पपईच्या बागा आहेत. पपईचे भरण चांगले होते, पण तिला पाणी जास्त सुटते. लिंबू दीडपट घालून ती बराच वेळ आटवावी लागते. पेरू उकडून गाळणीतून काढला म्हणजे बिया राहतात आणि भरण केळीपेक्षाही लवकर घट्ट होते. जळगावच्या मेहरूणची बोरे हंगामात आली की त्यांचा गर आंबटगोड लागतो. त्यात लिंबाची गरज नाही. सीताफळ मात्र शिजवू नये. ताव लागला की त्याचा गर कडवट होतो आणि सगळे साहित्य वाया जाते.

हिशोब कोणी मांडायचा?

या वड्यांनी केळीचा भाव वाढणार नाही. सगळी वापसीही संपणार नाही. असे सांगणारा कोणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सहा केळ्यांची एक थाळी. एका घडात त्याहून कितीतरी जास्त फळे. पण पोरांच्या डब्यात दुकानातल्या पुड्याऐवजी घरची वडी गेली, तोडीच्या दिवसांत शेतावरच्या न्याहारीबरोबर चार वड्या गेल्या, पाहुण्यांपुढे बशी ठेवता आली, तर तेवढा पैसा घरातच राहिला. बागेत खपणाऱ्या बाईच्या घामाची फळे निदान तिच्या घरात तरी मोलाने खाल्ली गेली, हेही काही थोडे नाही.

ज्या भगिनींचा हात बसेल त्यांनी बचत गटातून विक्रीचा विचार जरूर करावा. मात्र त्याआधी तीन गोष्टी कराव्यात. एक, दहा-वीस वेळा करून प्रत्येक वेळी वडी सारखीच येते का ते पाहावे. दोन, तूप, साखर, पीठ, जळण आणि स्वतःची मजुरी धरून एका वडीचा खर्च वहीत लिहावा. आपल्याकडे बाईची मजुरी हिशोबात धरतच नाहीत आणि मग धंदा फायद्यात असल्यासारखा वाटतो. तीन, खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, ती करून घ्यावी आणि पुड्यावर तयार केल्याची तारीख घालावी. वडी चार दिवसांची आहे, तर चार दिवसांचीच म्हणून विकावी.

ऊस पिकवणाऱ्याने स्वतःची साखर काढायची ठरवली, तेव्हा सहकारी कारखाने उभे राहिले. कच्चा माल दुसऱ्याच्या हाती देऊन त्याच्या भावाची वाट पाहत बसायचे नाही, हाच त्यामागचा विचार होता. केळीच्या बाबतीत तो विचार एवढ्या मोठ्या प्रमाणावर अजून साधलेला नाही. तो साधेल तेव्हा साधो. तोवर ठिपके पडलेली फणी बांधावर टाकण्याआधी त्यातली सहा केळी काढून घ्यावीत आणि एकदा थाळी लावून पाहावी.