जुन्या संगणकाची साथ कधी सोडावी?

आजीचे शिवणयंत्र चाळीस वर्षांनंतरही चालते. सुई आणि तेल मिळाले की झाले. मग धडधाकट संगणकाला नवी ऑपरेटिंग सिस्टीम नाकारली जाते, ती का? यात उत्पादकाची विक्रीची हाव असते, असा आपला पहिला संशय. तो पुष्कळदा खराही ठरतो. पण जेथे विकायचे काहीच नाही, अशा लिनक्सचे उदाहरण पाहू.

१९९२ साली अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने अल्फा हा ६४ बिटांचा प्रोसेसर आणला. त्यावर चालणारी वर्कस्टेशने, म्हणजे शास्त्रज्ञांच्या व अभियंत्यांच्या मेजावरचे ताकदवान संगणक, त्या काळी अतिशय वेगवान गणली जात. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः लिनक्स अल्फावर चालवून दाखवले. तरीही जुलै २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१० मधून सुरुवातीच्या अल्फांना वगळण्यात आले.

कारण मोठे मजेदार आहे. वेगासाठी रचना साधी ठेवावी म्हणून या अल्फांना एकच बाइट स्मृतीत लिहिण्याची आज्ञा दिलेली नव्हती. वाचायचे आणि लिहायचे ते चार किंवा आठ बाइट एकदम.

समजा, फळ्यावर आठ घरांची एक ओळ आहे. नियम असा, की एकच घर बदलायचे असले तरी सगळी ओळ पाटीवर उतरवायची, पाटीवर बदल करायचा आणि मग सगळी ओळ फळ्यावर पुन्हा लिहायची. माधवला तिसरे घर बदलायचे आहे. त्याने ओळ उतरवून घेतली. तेवढ्यात सुधाने पाचवे घर बदलून आपले काम पुरे केले. आता माधव आपल्या पाटीवरची ओळ फळ्यावर लिहितो. तिसरे घर बरोबर आले, पण पाचव्यात जुनाच आकडा परतला! दोघांनीही नियम पाळला, तरी सुधाचे काम पुसले गेले.

असा घोटाळा वेळ नेमकी जुळली तरच होतो. म्हणूनच तो सापडणे महाकठीण. अशा प्रत्येक लेखनाभोवती पहारा ठेवता येतो. पण सर्व संगणकांना सामाईक असलेल्या भागात काम करणाऱ्यांना ही अडचण सतत ध्यानात ठेवावी लागते. जुने यंत्र जागचे हलत नाही, भोवतालची प्रणाली मात्र बदलत राहते आणि दोघांमधले अंतर दरवर्षी वाढत जाते.

१९९६ च्या सुमारास आलेल्या सुधारित अल्फांमध्ये बाइटाची आज्ञा होती, त्यांना लिनक्सने ठेवले. वयाकडे पाहून सरसकट काढले नाही, हे मला योग्य वाटते. ज्या ३८६ प्रोसेसरवर १९९१ मध्ये लिनक्स जन्मले, त्यालाही डिसेंबर २०१२ मध्ये निरोप देण्याचे ठरले; तेव्हा येथे भावनेला फारसा वाव नाही. मात्र यंत्र जवळ बाळगून प्रत्येक नवी आवृत्ती त्यावर तपासणारा कोणी असेल, तर त्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. तपासणाराच नसेल, तर पाठिंबा केवळ कागदावर उरतो.

वगळलेले यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही, हेही लक्षात घ्या. प्रयोगशाळेत एखादे उपकरण चालवणारा, जाळ्याला न जोडलेला संगणक जुन्या आवृत्तीवर खुशाल चालू शकतो. जाळ्याला जोडलेल्याची गोष्ट निराळी, कारण त्यातल्या नव्याने उघड होणाऱ्या फटी बुजवणारा कोणी राहत नाही. हौशी मंडळींना नेटबीएसडीची वाट मोकळी आहे. ती प्रणाली अल्फाच काय, त्याच्याही आधीच्या व्हॅक्स यंत्रांना अजून सांभाळते.