खेळातली तलवार आणि धंद्याचा तराजू

संगणकावरचे लढाईचे खेळ आता घराघरांत पोहोचले आहेत. मुले त्यात वेळ घालवतात, ही वडीलधाऱ्यांची तक्रार आम्हीही ऐकतो आणि ती खोटी नाही. परंतु हे खेळ कोणीतरी घडवतो, त्याची मजुरी घेतो, आणि त्याच्या कामात व्यापाऱ्याचा व कारागिराचाच हिशेब असतो. ती बाजू आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

उदाहरण म्हणून अमेरिकेतील बेथेस्डा कंपनीचा ‘स्कायरिम’ हा खेळ घेऊ. तो नोव्हेंबर 2011 मध्ये बाजारात आला. एका काल्पनिक, थंड मुलुखात खेळाडूचे पात्र फिरते. त्याला एकहाती शस्त्र, तिरंदाजी, लोहारकाम असे एकूण 18 हुन्नर शिकता येतात. जो हुन्नर वापरावा तो वाढतो. हुन्नर वाढले की पात्र एक पायरी चढते आणि दर पायरीला एक ‘पर्क’, म्हणजे कामातली खास खुबी, निवडता येते.

तिन्ही शस्त्रे एकाच तोलात

आता लोखंडी शस्त्रांचा भाव पाहा. तलवारीचा मार 7, कुऱ्हाडीचा 8, गदेचा 9. मग सगळे गदाच घेतील आणि तलवार पडून राहील, असे वाटेल. म्हणून घडवणाऱ्याने वेग वेगळा ठेवला. तलवारीचा वेग 1, कुऱ्हाडीचा 0.9, गदेचा 0.8. गुणाकार केला तर 7, 7.2 आणि 7.2 येतात. म्हणजे तिन्ही जवळपास सारखीच. शिवाय वजनही अनुक्रमे 9, 11 आणि 13. जड माल उचलणाऱ्याला ओझे वाहावेच लागते.

वेगळेपणा येतो तो पर्कमुळे. गदेचा पर्क शत्रूच्या चिलखताचा 25 टक्के बचाव मोजतच नाही, पुढे हा आकडा 75 टक्क्यांपर्यंत जातो. कुऱ्हाडीच्या जखमेतून रक्त वाहत राहते. तलवारीला 10 टक्के वेळा वर्मी घाव बसतो. गिऱ्हाइकाची गरज पाहून माल दाखवावा, तशीच ही रीत आहे.

हिशेब कुठे चुकला

पण येथेच एक खोट आहे. वर्मी घावाने वाढणारा मार शस्त्राच्या मूळ माराच्या निम्माच असतो. शंभरांत दहा घाव, तेही निम्म्याने जास्त, म्हणजे सरासरी वाढ 5 टक्के. एकहाती शस्त्रांचा साधा पर्क मात्र प्रत्येक फटक्याला 20 टक्के वाढ देतो. दोन्हींची किंमत एकच पर्क. सारख्या दामात एवढा कमी माल मिळाला तर जाणकार गिऱ्हाईक तो घेणार नाही.

दुसरी चूक लोहारकामाची. सुरुवातीला कोणतीही वस्तू घडवली तरी हुन्नर सारखाच वाढत असे. खेळाडूंनी हे लगेच ओळखले. लोखंडाची एक लगड आणि चामड्याची एक पट्टी घेऊन स्वस्तातल्या सुऱ्या शेकड्यांनी पाडल्या आणि उस्ताद होऊन बसले. बारीक काम करणाऱ्याला त्याहून जास्त काही मिळेना. 2012 मध्ये कंपनीने नियम बदलला. वस्तूचे मोल जेवढे, तेवढा हुन्नर वाढेल, असे ठरले.

आमच्या कारागीर बंधूंना यात आपलाच अनुभव दिसेल. नगावर सारखी मजुरी ठेवली की कारखान्यात हलका माल वाढतो आणि चांगला कारागीर निघून जातो. मोबदल्याचा नियम जसा असेल, तसेच काम होते.

हा धंदा आपल्यापासून फार लांबचा नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने 2020 मध्ये ‘राजी’ हा लढाईचा खेळ जगाच्या बाजारात आणला. या कामाला संगणक तर येथे हवाच, पण गणित, तोल आणि गिऱ्हाइकाची पारखही हवी. हे तीन गुण दुकानात व कारखान्यात वाढलेल्या मुलाने लहानपणापासून पाहिलेले असतात.

म्हणून आमची सूचना एवढीच. मुलगा खेळायला बसला की रागावण्याआधी त्याला विचारा, कोणता पर्क घेतलास आणि का? त्याने हिशेब करून उत्तर दिले, तर ते उत्तर नीट ऐकून घ्या.