बेंजो, बासयंत्र आणि दहा राग

रेवसच्या आसपासच्या कोळीवाड्यांत हळदीची रात्र बेंजोशिवाय रंगत नाही. हळद लागली की बेंजोवाला कोळीगीताची चाल उचलतो, मागून ढोलकी, पॅड, कीबोर्ड चढतात आणि मांडवातल्या आजीबाईसुद्धा पदर खोचून उठतात. हे वाद्य आपण इतकं आपलं मानलं, की ते आलं कुठून हे कोणी विचारत नाही. ते मूळचं जपानी. १९१२ साली नागोयात मोरिता गोरो यांनी ‘ताइशोगोतो’ घडवलं. लांबट पेटीवर ताणलेल्या तारा, त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं; डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पिकने तारा छेडायच्या. हिंदुस्थानात त्याचं बुलबुलतरंग झालं. मुंबई-कोकणातल्या वादकांनी त्याला पिकअप बसवून स्पीकरला जोडलं आणि ढोलताशांनाही न दबणारा तो धारदार आवाज तयार झाला. सोबतचा ऑक्टोपॅडही जपानीच, रोलँड कंपनीने १९८५ मध्ये आणलेला.

रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलं की जी मुंबई लागते, तिथल्या एका वादकाने त्याआधीच रोलँडची तीन यंत्रं एकत्र आणली होती. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले जुने वादक. बास गिटार, व्हायोलिन, ट्रान्झिकॉर्ड, सिंथेसायझर, जे लागेल ते वाजवणारे. १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड काढली. टीआर-८०८ वर ताल, टीबी-३०३ वर बास आणि ज्युपिटर-८ वर राग. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. रेकॉर्ड चालली नाही. डिस्कोवाल्यांना त्यात गाणं सापडलं नाही आणि राग ऐकणाऱ्यांना आलाप.

३०३ चं नशीबही तसंच. तादाओ किकुमोतो यांनी ते एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून बनवलं, पण आवाज काही बास गिटारसारखा येईना. १९८४ च्या सुमारास उत्पादन थांबलं, यंत्रं सेकंडहँड बाजारात मातीमोल झाली. तिथून ती शिकागोच्या तरुणांच्या हाती लागली. १९८७ मध्ये फ्यूचर या चमूची ‘अॅसिड ट्रॅक्स’ आली, अॅसिड हाऊस नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला आणि पुढे गोव्याच्या किनाऱ्यावर घडलेल्या ट्रान्समध्येही त्या यंत्राचा चिवचिवाट शिरला.

एदो बाउमन या डच संग्राहकाने २०१० मध्ये चरणजितांची रेकॉर्ड पुन्हा काढली, तेव्हा जगभर एकच चर्चा झाली : मुंबईच्या माणसाने शिकागोच्या पाच वर्षं आधी अॅसिड हाऊस केलं! मला ही शाबासकी अपुरी वाटते. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकून काही केलं नव्हतं, आणि चरणजितांना हाऊस करायचंच नव्हतं. त्यांना राग वाजवायचा होता. साम्य आलं ते रागाच्या स्वभावातून. आपल्याकडे कॉर्ड बदलत नाहीत, षड्ज हलत नाही. त्यामुळे ३०३ वर बसवलेला छोटा आकृतिबंध तंबोऱ्यासारखा अखंड फिरत राहू शकतो. शिवाय त्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे. पाश्चात्त्य कानाला ती करामत वाटली. आपल्या कानाला त्यात मींड ऐकू येते. अर्थात पट्ट्यांच्या वाद्यावर तोडीचा अतिकोमल गंधार मिळणार नाही. ती उणीव या रेकॉर्डमध्ये आहे आणि ती जाणवते. बेंजोचीही नेमकी तीच मर्यादा; बेंजोवाला एका सुरावर तार झपाट्याने छेडत राहून तो सूर जिवंत ठेवतो. चरणजित ते काम बोटांच्या वेगावर आणि घसरत्या सुरांवर भागवतात.

उतारवयात त्यांना परदेशी मंचांवर ऐकायला तरुणांची गर्दी लोटली. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचं निधन झालं. आपल्या संगीतसमीक्षेने मात्र या दहा रागांकडे राग म्हणून अजून पुरेसं पाहिलेलं नाही. ऐकायला सुरुवात करायचीच, तर ललतपासून करावी. पंचम नाही, दोन मध्यम एकमेकांना खेटून; रागाची ती अडचणीची जागा यंत्राच्या ठेक्यावर कशी पेलली आहे, हे तिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येतं.