न थांबणारी वेदना आणि सैनिकाचे मन
पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेल्या साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या सातारा-सांगलीतील गावांत निवृत्त होऊन परतलेल्या सैनिकाचा गुडघा वा कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत राहिल्यास त्या दुखण्याला वैद्यकशास्त्र ‘दीर्घकालीन वेदना’ म्हणते. जखम भरूनही मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहू शकते, म्हणजे साधा स्पर्शही तिला वेदनादायी वाटतो. वेदनेने झोप मोडते, झोपेअभावी नैराश्य बळावते आणि नैराश्यामुळे वेदना अधिकच तीव्र भासते. म्हणूनच औषधांबरोबर व्यायाम आणि समुपदेशन असा शरीर व मन या दोहोंवरचा एकत्रित उपचार आवश्यक ठरतो. सोसणे हेच शौर्य मानून गप्प राहणाऱ्या माजी सैनिकाच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ लागल्यास कुटुंबीयांनी क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांकडे जावे किंवा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या चोवीस तास चालणाऱ्या निःशुल्क क्रमांकावर मदत मागावी.