कोयनेची वीज आणि तिचे मोल

सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या पाण्याचा मोठा भाग पूर्वेस कृष्णेकडे न सोडता बोगद्यांवाटे सह्याद्रीच्या पश्चिम कड्याखाली पोफळीस नेला जातो. या उतारावरच १९६२ पासून वीजनिर्मिती होत असून प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. येथे कोळसा जळत नाही, राखेचे ढीग साचत नाहीत. शिवाय सायंकाळी मागणी वाढताच ही जनित्रे काही मिनिटांत सुरू करता येतात. औष्णिक केंद्रास हे साधत नाही.

जलविद्युत केंद्रात पाणी खर्च होत नाही, असे म्हणण्याची प्रथा आहे. कोयनेपुरते ते अर्धेच खरे. पोफळीचे पाणी पुढे वाशिष्ठीतून अरबी समुद्रास मिळते. कृष्णाखोऱ्यातील अवर्षणग्रस्त शेतीस त्याचा लाभ होत नाही. म्हणूनच बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर मर्यादा घातली.

शिवसागर जलाशयात वने, शेते आणि गावे बुडाली. राज्याचा पुनर्वसन कायदा १९७६ मध्ये झाला, तोवर कोयनेचे विस्थापित विखुरले होते. त्यांपैकी अनेकांचे प्रश्न अद्यापि प्रलंबित आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या विध्वंसक भूकंपाचा संबंध बहुतेक शास्त्रज्ञ जलाशयाचा भार आणि खडकांतील भेगांत शिरणारे पाणी यांच्याशी जोडतात. त्यानंतर धरणाची भिंत मजबूत करण्यात आली. परिसरात लहान धक्के मात्र आजही जाणवतात.